स्वयंपाकघराला रंग कुठला? आधी भिंतीतलं पाणी कुठून येतंय ते बघा

नागपंचमी झाली की कोकणातल्या रंगाच्या दुकानांत गर्दी सुरू होते. गणपती महिन्यावर आलेले, मुंबईचे चाकरमानी यायचे, आणि घरातली सगळ्यात कळकट खोली म्हणजे स्वयंपाकघर. मग मिळेल तो पेंटर, दुकानदार सांगेल तो डबा, आणि तीन दिवसांत काम उरकायचं. दसऱ्याला भिंतीच्या खालच्या अंगाला फुगे येतात, दिवाळीला पोपडे झाडूने गोळा करायचे.

हे मीही केलंय. एका ऑगस्टमध्ये, बाहेर पाऊस कोसळत असताना, चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंतीला दुकानातला महागातला महाग प्लास्टिक पेंट लावून घेतला. नवरात्रात ओट्याखाली पापडाएवढा फुगा आला. सुईने टोचला तर आतून पाणी ओघळलं. बोट जिभेला लावलं तर खारट. डब्यात काही खोट नव्हती. भिंतीतलं पाणी आणि मीठ त्या रंगाला आतून ढकलत होतं, आणि मी त्याच्यावर झाकण बसवलं होतं.

म्हणून या लेखात रंगाची निवड सातव्या टप्प्यावर येते. तिथे उडी मारायची इच्छा होईल, पण मारू नका.

## १. पावसाळ्यातच ओलीचा उगम शोधा

ओल बघायची पावसाळ्यात आणि रंग लावायचा उन्हाळ्यात. आपण नेमकं उलट करतो. मार्चमध्ये भिंत कोरडी दिसते म्हणून ओल नाही असं धरतो, आणि ऑगस्टमध्ये ओल दिसली की लगेच रंग लावतो.

स्वयंपाकघरात पाणी तीन वाटांनी येतं, आणि तिन्हींवर इलाज वेगळा.

खालून चढणारी ओल. जांभा सच्छिद्र दगड. जोत्यातलं पाणी तो दिव्याच्या वातीसारखा वर ओढतो. डाग जमिनीपासून सुरू होतो, साधारण तीन फुटांपर्यंत चढतो आणि वरच्या कडेला पांढऱ्या पिठासारखी रेघ सोडतो. तो लोणा, म्हणजे भिंतीतले क्षार.

बाहेरून किंवा वरून शिरणारं पाणी. झडीच्या बाजूची भिंत, फुटकं कौल, स्लॅबची भेग, न्हाणीला लागून असलेली भिंत, सिंकखालचा गळका पाइप. डाग एका जागी असतो, पाऊस पडला किंवा नळ चालू झाला की वाढतो.

वाफ. हिचा डाग वरच्या कोपऱ्यांत, छताजवळ, फ्रीजच्या आणि कपाटाच्या मागे, जिथे हवा फिरत नाही तिथे दिसतो. बहुतेक वेळा काळ्या बारीक ठिपक्यांची बुरशी घेऊनच येतो.

संशय असेल तर प्लास्टिकची चाचणी करा. जाड पारदर्शक प्लास्टिकचा साधारण दीड फूट चौरस तुकडा घ्या, चारही कडा टेपने भिंतीला हवाबंद चिकटवा आणि चोवीस तास हात लावू नका. नंतर बघा:

- पाण्याचे थेंब प्लास्टिकच्या आतल्या, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला असतील तर पाणी भिंतीतून येतंय.
- थेंब बाहेरच्या बाजूला असतील तर ती खोलीतली वाफ.
- दोन्हीकडे असतील तर दोन्ही दुखणी आहेत. आपल्याकडे बऱ्याचदा असंच निघतं.

एकाच जागी करून थांबू नका. जमिनीपासून एका फुटावर, छातीच्या उंचीवर आणि छताजवळ, असे तीन तुकडे लावा.

तपासा: पाऊस नसतानाही, नुसतं मळभ आलं की भिंतीचा तोच पट्टा ओलसर होतो का? पावसाळ्यात मिठाच्या बरणीत पाणी सुटतं तसाच हा प्रकार. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळू लागतं. खाडीची वाळू न धुता गिलाव्यात गेली असेल तर तुमची भिंत म्हणजे तीच बरणी. तिथला गिलावा चिऱ्यापर्यंत काढून, गोड्या पाण्याच्या वाळूने नवा करण्यावाचून गत्यंतर नाही. कुठलाच रंग मीठ थोपवत नाही.

## २. पाणी बाहेर अडवा, आतून नव्हे

घराभोवती एक फेरी मारा, तीही भर पावसात, छत्री घेऊन. पागोळ्या कुठे पडतात ते बघा. जोत्याला लागून पडत असतील तर उडणारं पाणी भिंत दिवसभर पिते. तिथे पन्हळ लावा, नाहीतर बाहेरच्या अंगाला उताराची फरसबंदी करून पाणी दूर न्या.

मागच्या अंगाला मातीचा भराव जोत्याच्या वर चढलाय का? परसातल्या अळवाला भांडी धुतल्याचं पाणी सोडता, ते अळू भिंतीला टेकून आहे का? आमच्याकडे होतं. ते चार हात लांब नेलं आणि त्या कोपऱ्यातली ओल पुढच्या पावसात निम्म्यावर आली.

झडीच्या बाजूला पूर्वी झापं (माडाच्या विणलेल्या झावळ्या) बांधायचे, आता पत्रा किंवा प्लास्टिक लावतात. काहीही लावा, पण भिंत आणि आडोसा यांच्यात वारा खेळेल इतकं अंतर ठेवा. भिंतीला चिकटवून बांधलेलं प्लास्टिक आत शिरलेलं पाणी कोंडून ठेवतं.

न्हाणीची सामाईक भिंत असेल तर न्हाणीच्या बाजूच्या फरश्यांच्या सांध्यांपासून सुरुवात करा. स्लॅब गळत असेल तर आधी गच्चीचं काम.

सावधान: भिंत बाहेरून ओली असताना आतल्या बाजूने ‘वॉटरप्रूफ’ लेप मारून घेऊ नका. पाणी भिंतीतच राहतं, लेपाच्या वरून वाट काढतं, आणि तीन फुटांवरचा डाग पुढच्या वर्षी पाच फुटांवर दिसतो. ओल लपवायला लावलेल्या टाइल्सही हेच करतात.

## ३. वाफेला वाट द्या

लोकांना वाटतं की वाफ फक्त पातेल्यातून येते. गॅस जळतो तेव्हाही पाणी तयार होतं. एक किलो एलपीजी जळला की दीड किलोहून थोडं जास्त पाणी वाफेच्या रूपात हवेत जातं. म्हणजे १४.२ किलोचा एक सिलिंडर संपेपर्यंत साधारण २२ लिटर पाणी तुमच्या स्वयंपाकघरात फिरून गेलेलं असतं. भाताची पेज, उकडीचे मोदक, आंघोळीच्या पाण्याचा टोप हे सगळं त्याच्या वर.

ही वाफ बाहेर गेली नाही तर सगळ्यात गार पृष्ठभागावर, म्हणजे बाहेरच्या भिंतीवर आणि छताच्या कोपऱ्यात, पाणी होऊन बसते. जुन्या घरांत कौलांच्या फटींतून ती आपसूक निघून जायची. खाली छत मारलं, स्लॅब घातला, खिडकीला काच बसवली, आणि ती कोंडली.

एक्झॉस्ट फॅन ओट्याच्या बाजूला, भिंतीत जमेल तितका वर बसवा. समोरच्या बाजूचं दार किंवा खिडकी थोडी उघडी हवी, नाहीतर पंखा नुसता फिरतो, हवा ओढत नाही. चिमणी असेल तर तिचा पाइप घराबाहेर गेलाय का ते बघा. पाइप नसलेली, हवा गाळून परत खोलीत सोडणारी चिमणी तेल पकडते, पण वाफ आहे तिथेच राहते.

तपासा: पंखा चालू करून वर्तमानपत्राचा चतकोर तुकडा जाळीजवळ धरा. जाळीला चिकटून राहिला तर ठीक. गळून पडला तर पंखा पुसा, नाहीतर हवा आत यायची वाट उघडा.

## ४. मुहूर्त

डिसेंबर ते मेचा पहिला पंधरवडा. शिमगा झाल्यावर काम सुरू केलंत तर उत्तम, भिंतीला थंडीचे तीन-चार महिने सुकायला मिळालेले असतात. रंगाचा शेवटचा हात मिरगाच्या (मृग नक्षत्राच्या) निदान तीन आठवडे आधी पडलेला हवा, म्हणजे पहिल्या पावसाआधी रंग पुरता घट्ट होतो. नवा गिलावा केला असेल तर त्याला २८ दिवस द्या. आंब्याच्या दिवसांत माणसं मिळत नाहीत हे मान्य, म्हणून पेंटरला जानेवारीतच सांगून ठेवायचं. रंग सुरू करायच्या आदल्या दिवशी प्लास्टिकची चाचणी पुन्हा करा.

## ५. जुना रंग ओळखा आणि मगच खरवडा

नवा रंग भिंतीला नव्हे, जुन्या रंगाला चिकटतो. जुना सुटला की नवा त्याच्यासकट खाली येतो.

- तळवा घासा. हाताला पांढरी भुकटी लागली तर तो चुना किंवा साधा डिस्टेंपर. हा सगळा, अगदी गिलाव्यापर्यंत काढावा लागतो. चुन्यावर थेट इमल्शन, म्हणजे प्लास्टिक पेंट, मारणं ही मी पाहिलेली सगळ्यात नेहमीची चूक. वर्षभरात त्याची सालं निघतात.
- कापूस स्पिरिटमध्ये बुडवून घासा. रंग कापसावर उतरला तर इमल्शन, उतरला नाही तर बहुधा ऑइल पेंट.
- ब्लेडने फुली मारा, त्यावर चिकटपट्टी दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. पट्टीवर रंगाचे तुकडे आले तर तो थर सुटतोय. तीन-चार ठिकाणी करून बघा, आणि त्यातली एक जागा ओट्याच्या वरची हवीच.

ऑइल पेंट घट्ट बसलेला आणि भिंत कोरडी असेल तर पूर्ण काढायची गरज नाही. घासकागदाने चकाकी मारा, म्हणजे प्रायमरला (रंगाखालच्या पहिल्या थराला) पकड मिळते.

सावधान: घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा) जास्त नको असा नियम २०१६ साली झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या, विशेषतः पिवळ्या, हिरव्या, लाल ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं. असा थर कोरडा घासू नका आणि जाळून तर मुळीच काढू नका. पाणी मारून ओला घासा, तोंडाला चांगला मास्क लावा, लहान मुलं आणि गरोदर बाई घरात नसताना करा, आणि खरवड परसात न फेकता पिशवीत बांधून टाका.

## ६. भिंत धुण्याचा क्रम

इथे क्रम चुकला की मेहनत पाण्यात जाते, अगदी शब्दशः.

आधी लोणा, कोरड्या ब्रशने. पांढरं पीठ दिसलं की आपला हात ओल्या फडक्याकडे जातो. तसं केलं की मीठ विरघळून पुन्हा भिंतीत शिरतं आणि आठवड्याने परत वर येतं. कोरड्या, राठ ब्रशने झाडा, खाली वर्तमानपत्र पसरून गोळा करा, बाहेर टाका. त्या पट्ट्याला पुढचं धुणंही जपून, पिळलेल्या फडक्याने.

मग तेल आणि काजळी. कोमट पाण्यात धुण्याचा सोडा घालून स्क्रबरने घासा, हातात रबरी मोजे घालून. तळणाचं तेल फक्त गॅसच्या मागे नसतं, ते वाफेबरोबर छतापर्यंत जातं. एकदा मासे तळणाऱ्या घरात कपाटाच्या माथ्यावरून बोट फिरवा म्हणजे समजेल. घासून झालं की साध्या पाण्याने दोनदा पुसा.

तपासा: भिंतीवर पाण्याचे चार शिंतोडे मारा. पाणी मोत्यासारखं गोळा झालं तर तेल अजून आहे (ऑइल पेंटवर मात्र ते तसंही होतं, तिथे बोट फिरवून चिकटपणा बघा).

शेवटी बुरशी. एक भाग घरगुती ब्लीच आणि तीन भाग पाणी, ब्रशने लावा, दहा-पंधरा मिनिटं राहू द्या, मग स्वच्छ पाण्याने पुसा. डाग गेला तरी आणखी एकदा लावा. बुरशीवर थेट रंग मारला तर ती त्याच जागी पुन्हा डोकं काढते.

सावधान: ब्लीचमध्ये व्हिनेगर, संडास धुण्याचं अॅसिड किंवा अमोनिया असलेलं काहीही मिसळू नका. विषारी वायू तयार होतो. खिडक्या उघड्या, पंखा चालू.

धुतल्यावर भिंत दोन-तीन दिवस पंख्याखाली सुकू द्या. पेंटर घाई करेल, कारण त्याचा रोज बुडतो. हे दिवस आधीच बोलून घ्या.

## ७. आता रंग निवडा, खोलीचा नव्हे, भिंतीभिंतीचा

दुकानात ‘किचनसाठी रंग द्या’ म्हटलं की एकच डबा पुढे येतो. पण एकाच स्वयंपाकघराच्या चार भिंतींना चार स्वभाव असतात.

खालून ओल चढणारी चिऱ्याची भिंत: चुना. मला माहीत आहे, हे ऐकून नाक मुरडलं जातं. पण चुन्याचा थर श्वास घेतो, भिंतीतलं पाणी त्यातून उडून जातं आणि फुगा येत नाही. तो अल्कधर्मी असल्यामुळे बुरशीलाही मानवत नाही. तोटे खरे आहेत: धुता येत नाही, अंगाला लागतो, दर एक-दोन वर्षांनी हात फिरवावा लागतो. म्हणून तो अख्ख्या खोलीला नको. ओलीच्या वरच्या रेघेपासून फूटभर वरपर्यंत चुना, त्यावर एक सरळ पट्टा, आणि वर दुसरा रंग. असं दोन रंगांत केलेलं स्वयंपाकघर वाईट दिसत नाही. या भिंतीला ऑइल पेंट, प्लास्टिक पेंट, लांबी (पुट्टी) काहीही नको.

कोरडी, पण वाफ खाणारी भिंत: अॅक्रिलिक इमल्शन, सॅटिन किंवा सेमी ग्लॉस, म्हणजे मध्यम चकाकीचं. बहुतेक स्वयंपाकघरांचा मोठा भाग हाच. डब्यावर तीन गोष्टी शोधा: आतल्या भिंतींसाठी, धुता येणारा, आणि बुरशीरोधक. अगदी मॅट घेऊ नका. तो दिसतो छान, पण फोडणीचा शिंतोडा आत शोषून घेतो आणि पुसायला गेलं की चकचकीत डाग पडतो. खूप ग्लॉसही नको, गिलाव्याचा प्रत्येक उंचवटा संध्याकाळच्या दिव्यात उठून दिसतो.

ओट्यामागचा आणि शेगडीजवळचा भाग: टाइल्स, नाहीतर पाण्यात मिसळणारा एनॅमल. भिंत कोरडी असेल तर इथे टाइल्सना तोड नाही. टाइल्स नको असतील तर वॉटर बेस एनॅमल घ्या. तो नेहमीच्या ऑइल पेंटपेक्षा कमी वास मारतो आणि पिवळा पडत नाही. ऑइल पेंट कोरड्या भिंतीवर टिकतो हे खरं, पण त्यावर वाफेचं पाणी साचून ओघळ येतात. शिवाय नव्या सिमेंट गिलाव्यावर तो लावला तर सिमेंटच्या अल्कलीने त्यातल्या तेलाचा अक्षरशः साबण होतो आणि रंग चिकट राहतो.

छत: स्लॅब असेल तर बुरशीरोधक इमल्शन, कमी चकाकीचं. कौलं असतील तर वासे-रिपांवरची काजळी झाडून पुसून घ्या, लाकडाला वॉर्निश किंवा एनॅमल.

खिडकीचे गज: खाऱ्या हवेत इथे कंजुषी नको. गंज पूर्ण खरवडून त्याच दिवशी रेड ऑक्साइड (गंज रोखणारा प्रायमर), मग एनॅमलचे दोन हात.

आता जे घेऊ नये ते. डिस्टेंपर स्वस्त आहे, पण वाफेने मऊ होतो आणि पुसताना फडक्यावर येतो. पीओपी (प्लास्टर ऑफ पॅरिस) आणि जिप्सम पाण्यापुढे टिकत नाहीत. ‘बाहेरचा रंग आत मारूया, दणकट असतो’ असं पेंटर सांगेल. त्यातली बुरशीनाशकं उघड्या हवेसाठी असतात, जिथे पोळ्या लाटायच्या तिथे मी तो लावणार नाही.

छटेबद्दल एवढंच: शुभ्र पांढरा टाळा. हळदीचा शिंतोडा उडणारच. फिकट पिवळा किंवा मलईचा रंग वर्षभर तुमची अब्रू झाकतो.

किती लागेल? दहा बाय आठ फुटांची, नऊ फूट उंचीची खोली धरा. भिंती ३६ गुणिले ९, म्हणजे ३२४ चौरस फूट. टाइल्स, दार, खिडकीचे ७५ वजा केले तर सुमारे २५०. छताचे ८०. एकूण ३३०. डब्यावर दोन हातांत लिटरमागे किती चौरस फूट होतात ते लिहिलेलं असतं. समजा ११० असेल तर तीन लिटर लागतात, म्हणजे चार लिटरचा डबा. उरलेला टचअपला.

## ८. गिलावा, लांबी, प्रायमर

खड्डे गिलाव्याने भरायचे, लांबीने नव्हे. जुन्या भिंती वाकड्या असतात आणि पेंटर त्या लांबीचे जाड थर देऊन सरळ करतो. दिसायला झकास, पण पहिल्या पावसात तो थर बिस्किटासारखा सुटतो. लांबीचे दोन पातळ हात पुरेत, मिळून दीड मिलिमीटरच्या आत. भिंत अगदी गुळगुळीत झालीच पाहिजे असा हट्ट स्वयंपाकघरात सोडा.

पुट्टी व्हाइट सिमेंटची घ्या. तिचा क्रम लोक हमखास चुकवतात. तिला थेट गिलाव्यावर, भिंत हलकी ओलसर करून लावायचं, आणि प्रायमर नंतर. अॅक्रिलिक पुट्टीला उलट: प्रायमर, पुट्टी, पुन्हा प्रायमर. पेंटरला विचारा की कुठली आणली आहे, आणि पिशवी स्वतः वाचा. भिजवलेली सिमेंट पुट्टी दोन-तीन तासांत संपवा. घट्ट झाल्यावर पाणी घालून मऊ केलेली पुट्टी धरत नाही.

पहिल्या हातानंतर १८० नंबरचा, दुसऱ्यानंतर ३२० नंबरचा घासकागद. मग भुकटी पूर्ण झाडा. भुकटीवर मारलेला प्रायमर भुकटीलाच चिकटतो.

प्रायमर अल्कली सोसणारा, पाण्यात मिसळणारा. चुलीची काजळी किंवा पिवळे डाग धुऊनही राहिले असतील तर तेवढ्या जागेला डाग अडवणारा प्रायमर. साध्या इमल्शनमधून ते डाग दोन हात मारले तरी वर येतात.

तपासा: प्रायमर सुकल्यावर तळवा फिरवा. हाताला काही लागलं नाही तरच पुढे.

## ९. हात मारताना

डब्यावर लिहिलंय तितकंच पाणी. पेंटर सवयीने जास्त घालतो, कारण रोलर सरकतो आणि रंग पुरतो. डबा तुमच्यासमोर उघडायला सांगा आणि पाणी मापाने घाला. नळाचं पाणी मचूळ असेल तर पिण्याचं वापरा.

छत आधी, मग भिंती वरून खाली, मग लाकूड आणि लोखंड. कोपरे ब्रशने, मोठा भाग रोलरने, आणि एक भिंत अर्ध्यावर सोडून जेवायला जायचं नाही. सांधा दिसतो.

दोन हातांमध्ये डब्यावर चार-सहा तास लिहिलेले असतात. किनाऱ्याला, दमट हवेत, मी रात्र मधे जाऊ देतो. बोटाला गार लागणारा रंग अजून सुकलेला नसतो, वरून कोरडा दिसला तरी.

काम चालू असताना आणि नंतर निदान चोवीस तास स्वयंपाक तिथे नको. शेगडी पडवीत न्या. ओल्या रंगावर पहिल्याच संध्याकाळी भाताची वाफ बसली की चिकट, तपकिरी ओघळ उतरतात.

## १०. पहिला महिना

तीन-चार आठवडे भिंत घासून धुवायची नाही, डाग पडलाच तर ओल्या मऊ फडक्याने टिपा. कपाट आणि फ्रीज भिंतीपासून तीन बोटं लांब ठेवा. तांदळाची पोती आणि नारळाचा ढीग भिंतीला टेकवू नका. स्वयंपाक झाल्यावर पंखा पंधरा मिनिटं चालू. बुरशीचा पहिला काळा ठिपका दिसला की त्याच दिवशी पुसा, दसऱ्याच्या साफसफाईची वाट बघू नका.

## गणपतीआधी काही तरी करायचंच असेल तर

समजतं. पाहुणे येणार, आई म्हणणार ‘असं कळकट ठेवायचं का?’ तर ऑगस्टमध्ये एवढंच करा.

तेल-काजळी धुवा, बुरशी मारा. फुगे आणि पोपडे खरवडून काढा, आणि उघड्या पडलेल्या गिलाव्याला फक्त चुना लावा. प्लास्टिक पेंटवर चुना धरत नाही, म्हणून कडा सुटत असतील तिथपर्यंत खरवडा. तयार चुन्याची पूड आणा. कळीचा चुना विरवताना पाणी उकळतं, म्हणून तो प्लास्टिकच्या बादलीत आणि मुलांच्या आसपास नको. पूड रात्रभर भिजत घाला, सकाळी जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळा आणि दुधाइतकी पातळ करा. डोळ्यांना चष्मा लावा, चुना डोळ्यात गेला तर भाजतो. भाताची पेज खळ म्हणून घालायची जुनी सवय आहे. स्वयंपाकघरात ती सोडा, पिठूळ खळ म्हणजे बुरशीला जेवण.

लावताना चुना जवळजवळ दिसत नाही, आणि इथेच सगळे फसतात. वाटतं काहीच झालं नाही, म्हणून जाड थर मारतात, आणि तो सुकून भुकटी होऊन पडतो. पातळ हात मारा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत थांबा. सकाळी भिंत पांढरी झालेली दिसेल. असे तीन हात, एकेका दिवसाच्या अंतराने.

राहिलेल्या भिंतीवर प्लास्टिकचे तीन तुकडे चिकटवून ठेवा. आरतीला आलेलं कुणीतरी विचारेलच की हे काय लावलंय. चोवीस तासांनी थेंब कुठल्या बाजूला आहेत ते वहीत तारखेसकट लिहून ठेवा. फेब्रुवारीत पेंटरला बोलवाल तेव्हा त्याच्यासमोर ती वही उघडायची आहे.